[मंडळ-यादी] जुलैत कॅथरीन आणि नित्मिलुक: मुक्काम किती, बोट कुठली?

प्रेषक: अनघा, मेलबर्न

सप्रेम नमस्कार,

जुलैच्या सुट्टीत डार्विनला उतरून कॅथरीन गाव आणि नित्मिलुक गॉर्ज (कॅथरीन नदीची घळ) बघायचा विचार आहे. बरोबर पुण्याहून आलेले आई-बाबा आहेत. दोघंही सत्तरीपुढचे, आईला गुडघ्यांचा त्रास. मुलं ९ आणि १२ वर्षांची. गाडी भाड्याची, सात सीटची, फोर-व्हील ड्राइव्ह नाही.

काही जण म्हणतात, डार्विनहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. खरं का? बोटीच्या फेरीत आईला चालणं कितपत जमेल? मुलांना पाण्यात डुंबायचंय, पण मगरींचं काय? आणि आईची एकादशी मधेच येते, बाबा बाहेरचं फारसं खात नाहीत, तेव्हा जेवणाची सोय कशी करावी?

अनघा

--------

प्रेषक: मंदार, डार्विन

अनघाताई,

एका दिवसात येता येतं, पण तसं करू नका. डार्विन ते कॅथरीन स्टुअर्ट हायवेने सुमारे ३२० किमी, तिथून गॉर्ज आणखी ३०. जाऊन-येऊन ७०० किमी झाले. बोट संपवून संध्याकाळी पाचला निघालात तर जुलैत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुढचे दोन-अडीच तास काळोखात गाडी हाकावी लागते. वॉलबी आणि कांगारू नेमके त्याच वेळी रस्त्याकडेला चरायला येतात. कुंपण नसलेल्या पट्ट्यांत गुरंही येतात, कारण रात्री डांबर उबदार असतं आणि ती त्यावर बसकण मारतात. काळी गाय हेडलाइटमध्ये दिसते तेव्हा ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा लिहिलेलंच असतं की गावाबाहेर सूर्यास्तानंतर अपघात झाला तर विमा लागू नाही. ते कलम सही करण्याआधी शोधा.

करारातच दुसरी गोष्ट बघा, ती म्हणजे किलोमीटरची मर्यादा. इथे नॉर्दर्न टेरिटरीत अमर्याद किलोमीटर गृहीत धरू नका. तुमचा हिशेब साधारण असा: येणं-जाणं ६४०, गॉर्जला दोन फेऱ्या म्हणजे १२०, लेलीनच्या धबधब्याचा फाटा आत-बाहेर ४०, मातारांकाचे गरम झरे जाऊन-येऊन सुमारे २१०. एकूण हजाराच्या वर. दिवसाला १०० किमी फुकट असतील तर चार दिवसांत ४०० झाले, उरलेल्या सहाशेंचे पैसे वेगळे. दिवसाचं भाडं स्वस्त दिसलेली गाडी इथे महाग पडते.

फोर-व्हीलची गरज नाही. गॉर्जचा, लेलीनचा आणि मातारांकाचा रस्ता डांबरी आहे.

वेगमर्यादा बऱ्याच पट्ट्यात १३० आहे, पण भरलेल्या सात सीटच्या गाडीला ११० पुरे. रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असते आणि १०० च्या वेगाने जाते. तुम्ही १३० ने गेलात तरी तिच्यापेक्षा सेकंदाला जेमतेम ८ मीटर पुढे सरकता. तिची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरून दीडशे मीटर कापायचे तर १८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही ६५० मीटर गेलेले असता. समोरचाही त्याच वेगाने येत असला तर सव्वा-दीड किलोमीटर रस्ता मोकळा हवा. तेवढा दिसत नसेल तर ओव्हरटेकिंग लेन येईपर्यंत मागेच राहा. तिच्या बाजूने जाताना गाडी हलकेच ओढल्यासारखी वाटते, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

पेट्रोल डार्विनला आणि कॅथरीनला भरा, मधे ॲडलेड रिव्हर आणि पाइन क्रीकला मिळतं. आई-बाबांसाठी ॲडलेड रिव्हरला थांबा. सावली आहे, स्वच्छतागृह आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातली दफनभूमी फार नीट राखलेली आहे. गावांच्या बाहेर फोन बहुतेक मरतो, टेल्स्ट्राचं सिम सगळ्यात लांबवर टिकतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

जून-जुलैत रस्त्याकडेला गवत पेटलेलं दिसेल, वर घारी घिरट्या घालत असतील. घाबरू नका. कोरड्या मोसमाच्या सुरुवातीला मुद्दाम लावलेले लहान वणवे असतात ते, पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठी आग लागू नये म्हणून. मात्र धूर दाट असेल तर दिवे लावून हळू जा आणि धुरात गाडी थांबवू नका.

टेरिटरीबाहेरून येणाऱ्यांना २०२३ पासून पार्क्स पास, म्हणजे उद्यानांचा प्रवेश-परवाना, लागतो. सुरू झाला तेव्हा मोठ्या माणसाला दिवसाचे १० आणि दोन आठवड्यांचे ३० डॉलर होते. ऑनलाइन काढा. तो नित्मिलुक, लेलीन, लिचफील्ड सगळीकडे चालतो. काकाडू राष्ट्रीय उद्यानाला चालत नाही, त्याचा पास वेगळा.

मुक्काम: कॅथरीनला तीन रात्री.

मंदार

--------

प्रेषक: शुभदा, ॲडलेड

अनघा,

मंदारने रस्त्याचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते.

नित्मिलुक म्हणजे एक सलग घळ नव्हे, कॅथरीन नदीवरच्या तेरा घळींची माळ आहे. कोरड्या मोसमात पाणी उतरलं की दोन घळींच्या मधले खडकांचे बांध उघडे पडतात आणि बोट पुढे जाऊ शकत नाही. म्हणून पहिल्या गॉर्जच्या टोकाला उतरायचं, खडकांवरून साधारण ४०० मीटर चालायचं आणि दुसऱ्या बोटीत बसायचं. येतानाही तेच. वाट काही ठिकाणी बांधून काढलेली आहे, काही ठिकाणी ओबडधोबड, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या. आईला घरात जिना धरून चढता येत असेल तर दोन गॉर्जची फेरी, जी साधारण दोन तासांची असते, काठी घेऊन आणि सावकाश जमेल. तीन गॉर्जच्या फेरीत अशी चाल दोनदा येते, ती नको. अजिबात चालवत नसेल तर बुकिंग करतानाच विचार, कुठल्या फेरीत बोट बदलावी लागत नाही. जेटीवर पोचल्यावर विचारलंस तर उपयोग नाही, जुलैत जागा आधीच भरलेल्या असतात.

सगळ्यांनी बंद बूट घालावेत. चपला घालून खडकावर चालणारे लोक दर फेरीत दिसतात आणि त्यांच्यासाठी अख्खी रांग खोळंबते. त्याच बांधाजवळ कातळावर चित्रं आहेत. गाइड थांबून दाखवतो, त्यामुळे बाबांना तिथे दम खायला वेळ मिळतो.

सकाळची पहिली फेरी घे. जुलैत दुपारी तापमान तिशीपर्यंत जातं, म्हणजे पुण्याच्या माणसाला काहीच नाही. पण बांधावरचा उघडा खडक तापतो आणि तिथे सावली कमी. उलट पहाटे पारा १३ च्या आसपास, कधी दहाच्याही खाली जातो. बोटीत वारा लागतो. आईची शाल बरोबर असू दे, नाहीतर 'उत्तर ऑस्ट्रेलिया म्हणजे गरम' या समजुतीवर सगळे स्वेटर डार्विनच्या हॉटेलात राहतात.

भिंतींकडे बघताना एक लक्षात ठेवायला मुलांना सांग. नदी जागोजाग काटकोनात वळते. वालुकाश्माला उभ्या-आडव्या भेगा पडल्या होत्या, पाण्याने त्याच भेगा धरून खडक कापला, म्हणून ही वळणं मापून काढल्यासारखी. खडक १६० कोटी वर्षांहून जुना आहे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या घरातला, म्हणजे याच्यासमोर कालचा.

ही जमीन जावॉयन लोकांची. १९८९ साली ती त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यान म्हणून सरकारला भाडेपट्ट्याने दिली. बोटी त्यांच्याच कंपनीच्या आहेत. दुसऱ्या गॉर्जमधल्या खोल डोहात बोलुंग, म्हणजे इंद्रधनुष्य-सर्प, राहतो असं ते मानतात. त्या डोहातलं पाणी ते पीत नाहीत, तिथे मासेमारी करत नाहीत. गाइड हे सांगत असताना मुलांनी बोटीतून हात बाहेर काढून पाणी उडवू नये एवढं बघ.

आई-बाबा बोटीनंतर व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवर चहा घेत बसले की तुम्ही चौघं बारुवे लूकआउटला जा. पूर्ण वळसा ४.८ किमी, सुरुवातीलाच खड्या पायऱ्या. चालताना तासाला माणशी एक लिटर पाणी हा इथला नियम आहे, तो कटाक्षाने पाळ. वरून नदीचं ते काटकोनी वळण नीट दिसतं. बटरफ्लाय गॉर्जची वाट जाऊन-येऊन १२ किमी आहे. ९ वर्षांच्या मुलाला घेऊन ती पहाटे निघणार असाल तरच.

सेंटरच्या आवारात वॉलबी माणसाळलेल्या आहेत, पिशवीत तोंड घालतात. खायला देऊ नये आणि डबा बाकावर ठेवून फोटो काढायला जाऊ नये. झाडांना वटवाघळं लटकलेली असतात. एखादं खाली पडलेलं दिसलं तर मुलांनी हात लावायचा नाही. त्यांच्यात रेबीजच्या जातीचा विषाणू असू शकतो. ओरखडा किंवा चावा झालाच तर साबणाने भरपूर धुऊन लगेच कॅथरीनचं हॉस्पिटल गाठायचं.

शुभदा

--------

प्रेषक: अनघा, मेलबर्न

शुभदाताई, मंदारदादा, मनापासून आभार. दोन गॉर्जची सकाळची फेरी पक्की करते. पण मगरींचं राहिलंच! धाकट्याने कुठून तरी वाचलंय की कॅथरीन नदीत 'चांगल्या मगरी' असतात.

--------

प्रेषक: मंदार, डार्विन

> नदीत 'चांगल्या मगरी' असतात

त्याचं अर्धं बरोबर आहे. गोड्या पाण्यातली मगर, इथल्या भाषेत फ्रेशी, अरुंद आणि लांब तोंडाची, फार तर तीन मीटरची. मासे-किडे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. डिवचली किंवा तिच्यावर पाय पडला तर मात्र चावते. गॉर्जमध्ये ती कायम असते आणि बोटीतून दिसतेही. खाऱ्या पाण्यातली, म्हणजे सॉल्टी, रुंद तोंडाची, पाच मीटरच्याही पुढे वाढते आणि माणूस तिच्या खाण्यात बसतो. नावावर जाऊ नका, ती गोड्या पाण्यात शेकडो किलोमीटर आत येते. १९७१ पासून टेरिटरीत तिला संरक्षण आहे आणि संख्या पुष्कळ वाढली आहे.

पावसाळ्यात नदी फुगली की खडकांचे बांध पाण्याखाली जातात आणि सॉल्टी वरच्या घळींत शिरू शकते. पाणी उतरल्यावर रेंजर रात्री टॉर्च मारून पाहणी करतात, सापळे लावतात, खात्री पटली की मगच पोहायच्या जागा खुल्या करतात. म्हणून 'मागच्या वर्षी आम्ही इथे पोहलो' या माहितीची किंमत शून्य. त्या दिवशी त्या जागेची पाटी काय म्हणते तेवढंच धरा. तरंगता किंवा काठावरचा पिंजरा दिसला तर तो सापळा आहे. त्याच्या जवळ पोहायचं नाही, त्यावर चढून फोटो तर नाहीच. आत आमिष असतं, मगर त्याच वासावर येते.

गावातल्या मुख्य नदीत मुलांना उतरवू नका. गावाला लागून नदीकाठी गरम झरे आहेत, ते खुले असतील तर तिथे चालेल. वज्रेश्वरीसारखं कढत पाणी नाही, कोमट आहे. पायऱ्या आहेत, आईला पाय सोडून बसता येईल.

मोठ्या मुलाला कॅनू, म्हणजे वल्हवायची लहान होडी, हवी असेल तर अर्ध्या दिवसाची घ्या. बांध आला की कॅनू उचलून किंवा ओढून पलीकडे न्यावी लागते. मोसम जसा पुढे सरकतो तसं पाणी खाली जातं आणि ओढायचं अंतर वाढतं. जुलैत त्रास त्यामानाने कमी. फोन आणि गाडीची किल्ली पाण्याला दाद न देणाऱ्या डब्यात. किल्ली इलेक्ट्रॉनिक असते, भिजली तर नवी डार्विनहून मागवावी लागेल. ऑगस्टपासून फ्रेशी वाळूत अंडी घालते आणि काही वाळूचे काठ बंद असतात. पाटी असेल तिथे कॅनू लावायची नाही.

आता लेलीन, म्हणजे जुनं नाव एडिथ फॉल्स. कॅथरीनच्या ४० किमी अलीकडे हायवेवर फाटा, तिथून २० आत. जाता जाता वाटेवरच आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारी उरकून टाका.

मंदार

--------

प्रेषक: शुभदा, ॲडलेड

मंदार, इथे मात्र मी वेगळं सांगेन. डार्विनहून आठला निघालेली मंडळी थांबत-थांबत लेलीनला एक-दीडला पोचतात. जुलैत तेव्हा पार्किंग भरलेलं, पोरं गाडीत आंबलेली, आणि वरच्या डोहाची २.६ किमीची वाट म्हणजे उघड्या कातळावरची चढण, ऐन उन्हात. त्यापेक्षा परतीच्या दिवशी कॅथरीनहून सातला निघा, पाऊण तासात लेलीन. थंडाव्यात वळसा पूर्ण होतो, वरच्या डोहात मुलं मनसोक्त डुंबतात, आणि अकराला निघून उजेड असतानाच डार्विन. वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेतला काय किंवा उलट घेतला काय, चढण चुकत नाही.

आई-बाबांना खालचा डोह पुरे. पार्किंगपासून दोन मिनिटांवर, हिरवळ आहे, सावली आहे. तिथे एकच काळजी घ्यायची. धबधबा समोर जवळ दिसतो, पण तो डोहाच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि मधे पाय टेकत नाहीत. अर्ध्यात दमलेलं मूल घाबरतं. फोमचे नूडल, म्हणजे धरून तरंगायच्या लांब दांड्या, घेऊन जा, मोठा माणूस शेजारी हवा.

मधल्या दिवशी मातारांका. कॅथरीनच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर, पाणी ३४ अंश, ताडांच्या बनातून सपाट वाट. आईच्या गुडघ्यांना याहून चांगली जागा नाही. मुलांना शेजारचं बिटर स्प्रिंग्ज जास्त आवडेल. प्रवाह हलकेच खाली नेतो, नूडलवर पडून राहायचं, खाली उतरून परत वर चालत यायचं, पुन्हा तेच. गॉगल घेऊन जा, पाणी नितळ आहे. वाटेत कटा कटा गुहा लागते, कॅथरीनपासून तीसेक किमी. आत फक्त गाइडबरोबर सोडतात, म्हणून आधी फोन करून वेळ विचारून घ्या.

गावात दुपार उरली तर संग्रहालय बघा. डॉ. क्लाइड फेंटन विमान स्वतः चालवत रुग्णांकडे जात, त्यांचं जिप्सी मॉथ विमान तिथे ठेवलेलं आहे. बाबांना तिथून हलवायला तासभर तरी लागेल.

शुभदा

--------

प्रेषक: सुधीर, डार्विन

अनघा बेटा,

खाण्याचं मी सांगतो. कॅथरीनला स्वयंपाकघर असलेली केबिन घे. कॅरव्हान पार्कमध्ये मिळते, पण जुलैत तीन-चार महिने आधी बघावी लागते. सुपरमार्केट मोठं आहे. दूध, दही, बटाटे, रताळी, केळी, शेंगदाणे सगळं मिळेल. गूळ, साबुदाणा, भगर, उपवासाची भाजणी हे डार्विनच्या भारतीय दुकानांतून घेऊन निघ. कॅथरीनला मिळेलच या भरवशावर राहू नकोस. बाबांसाठी मेतकूट आणि तूप असलं की कुठेही भात शिजला म्हणजे जेवण झालं. लहान राइस कुकर सामानात टाक, केबिनच्या विजेवर चालतो. ट्रॅव्हल स्टोव्हची गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ती डार्विनला विकत घ्यावी लागते आणि परतताना इथेच सोडावी लागते.

पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या कर. हायवेवरच्या रोडहाउसमध्ये शाकाहारी म्हणजे चिप्स आणि चीज टोस्ट, आणि ते चिप्स कशात तळले हे विचारायची सोय नाही. दही मात्र बर्फाच्या पेटीतच. गाडी उन्हात तासभर उभी राहिली की सीटवरच्या दह्याचं ताक होतं. पेटीत बर्फाच्या पिशव्यांऐवजी आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेव, वितळल्यावर प्यायलाच होतात. गाडीत एकूण वीस लिटर पाणी कायम असू दे. पंक्चर झालं तर तासभर सहज जातो.

पुण्याहून निघताना आई-बाबांनी सामानात खायचं काही घेतलं असेल तर विमानतळावरच्या कार्डावर सगळं जाहीर करायचं. दुधाची मिठाई आणूच नका म्हणावं.

बिअरसाठी थांबणार असाल तर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, दुकानात ते मशीनवर तपासतात. दाराशी पोलीस 'कुठे पिणार' म्हणून विचारतात. सगळ्यांनाच विचारतात, वाईट वाटून घेऊ नये.

सुधीरकाका

--------

प्रेषक: प्रसाद, सिडनी

याच धाग्यात विचारतो. आम्हाला डिसेंबरमध्ये स्वस्त तिकिटं मिळताहेत. हेच सगळं तेव्हा जमेल का? पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुराला जायचाही विचार आहे.

--------

प्रेषक: मंदार, डार्विन

प्रसाद,

हेच सगळं नाही जमणार. कॅथरीनला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा डिसेंबर ते मार्चमध्ये. त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पारा ३८ च्या घरात, वर दमटपणा. लांबच्या पायवाटा तेव्हा बंद करतात, कारण लोक उष्माघाताने पडतात आणि तिथे फोन लागत नाही. पाणी वाढलं की कॅनू बंद, लेलीनला पोहणं बंद, गरम झरेही नदीच्या पाण्याखाली. बोटी पाण्याच्या पातळीप्रमाणे चालतात, आदल्या दिवशी रद्द होऊ शकतात. जानेवारी १९९८ मध्ये नदी इथे २०.४ मीटरपर्यंत चढली आणि गावाच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं बुडाली. दरवर्षी तसं होत नाही, पण हायवे दोन-तीन दिवस बंद पडणं नवलाचं नाही.

यायचंच असेल तर परतीचं तिकीट बदलता येणारं काढ आणि निघण्याआधी रोज सकाळी रोड रिपोर्ट एनटी, म्हणजे रस्त्यांची स्थिती सांगणारी वेबसाइट, बघ. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, खोली कितीही कमी वाटली तरी. खालचं डांबर वाहून गेलेलं वरून कळत नाही. डिसेंबरातलं आकाश आणि विजा मात्र बघण्यासारख्या. ज्याला फक्त तेवढंच हवंय त्याने डार्विनलाच राहावं.

कुनुनुरा कॅथरीनहून ५१२ किमी. व्हिक्टोरिया रिव्हर आणि टिंबर क्रीकला पेट्रोल भरून घे. घड्याळ दीड तास मागे जातं, म्हणून तिथे बोटीचं बुकिंग असेल तर वेळ कुठल्या राज्याची ते बघ. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर गाडी तपासतात. ताजी फळं, भाज्या, मध, बिया काढून घेतात, मग कॅथरीनला घेतलेल्या असल्या तरी.

मंदार

--------

प्रेषक: सुधीर, डार्विन

मंदारच्या शेवटच्या ओळीत भर. हिरव्या मिरच्या, आलं, लिंबं, कढीपत्ता हेही त्यातच आलं. टिंबर क्रीकला थांबाल तिथेच सगळ्याची फोडणी घालून भाजी शिजवून टाका. शिजवलेलं न्यायला हरकत नसते, तरी नाक्यावर डबा दाखवून विचारा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

सुधीरकाका